वाळवलेला घेवडा आणि येसूआक्का

येसूआक्काला मी कधी हाक मारल्याचं आठवत नाही. तशी वेळच येत नसे. फार्मवर आपण कुठंही गेलो की ती तिथं आधीच उभी असायची. अंगात मिलिटरीची हिरवी जर्सी, खाली घट्ट खोचलेलं लुगडं आणि दोन्ही हात कमरेवर. जर्सी तिच्या भावाची. तो सैन्यात होता आणि दर सुट्टीला एक जुनी जर्सी बहिणीला देऊन जायचा. जर्सीबरोबर त्यानं तिला काही शब्दही दिले होते. उजाडताना फाटकापाशी बायका जमल्या की आक्का म्हणायची, "चला, फालीन व्हा." आणि सोळा बायका, त्यातल्या चार-पाच तर नातवंडं झालेल्या, खरोखरच रांगेत उभ्या राहायच्या. बाहेरून आलेल्या माणसाला हसू यायचं. मलाही पहिल्या दिवशी आलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर तीनेक वर्षांनी मी तिथं नोकरीला लागलो. साताऱ्याच्या पूर्वेला, वडूजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला बियाण्याचा एक लहानसा सरकारी फार्म होता. दुष्काळात लोकांनी घरातलं बीसुद्धा शिजवून खाल्लं होतं, त्यामुळे आसपासच्या पाच-सहा गावांना घेवड्याचं बी आमच्याकडून जायचं. वाघ्या घेवडा, दाण्यावर तांबडे पट्टे असलेला. मी सांगलीचा, शेतकीची पदवी घेतलेला. घेवडा मी त्याआधी मुख्यतः ताटातच पाहिला होता. फार्मचे प्रमुख साबळे साहेब, म्हणून ते मोठे साहेब आणि मी धाकला. आक्का ही काढणीच्या बायकांची मुकादमीण. हे पद कुठल्या कागदावर नव्हतं, पण फार्म तिच्यावर चालायचा, हे कागदावर असलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

घेवडा कापत नाहीत, मुळासकट उपटतात. तोही भल्या पहाटे, शेंगांवर दहिवर असताना. मी नवीन होतो, थंडी होती, आणि मला वाटलं की या बायकांना उगाच पहाटे उठवतात. मी आक्काला म्हटलं, "दहा वाजता आलं तर चालणार नाही का?"  दुपारी तिनं मला रानात बोलावलं, एक वाळलेला वेल उपटला आणि माझ्या तोंडासमोर झटकला. शेंगा तडातड फुटल्या आणि दाणे माझ्या चष्म्यावर येऊन आदळले. "आता येचा," एवढंच म्हणाली. मी खाली बसून दाणे वेचले. दहिवरानं शेंग मऊ राहते, फुटत नाही, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो की नाही ते आठवत नाही, पण त्या दिवसानंतर विसरलो नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काही विचारलं, पीक तयार झालं का, खळं वाळलं का, पोतं भरायला घेऊ का, की ती म्हणायची, "मला काय इचारताय? हातानं इचारा." म्हणजे हात घालून बघा. ती स्वतः शेंगांवरून हात फिरवत ओळीतून चालायची आणि मधेच थांबून कान द्यायची. शेंग आतून वाजायला लागली की म्हणायची, "बोलाय लागला." नाहीतर शेंग सोलून दाणा तळहातावर घ्यायची. पट्टे नीट आले नसतील तर, "वाघ उमटला न्हाई अजून." एकदा मी तिला दाण्यातल्या ओलाव्याचं प्रमाण समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे वाघ उमटल्यावर जेवडं आसतं तेवडंच न्हवं?" मी म्हटलं, साधारण तेवढंच. "मग ठीक हाय," ती म्हणाली, जणू माझ्या पुस्तकाला पास केलं.

घरच्या गोष्टी ती फारशा बोलत नसे. नवरा विट्याच्या एका गलाईवाल्याबरोबर सोनं गाळायच्या दुकानात कामाला म्हणून परमुलखात गेला होता आणि पत्र येणं कधीचंच बंद झालं होतं. त्याच्याबद्दल कुणी चौकशी केली तर ती म्हणे, "सोनं गाळतोय. ल्हान काम न्हाई त्ये." यात राग किती आणि थट्टा किती हे मला कधी कळलं नाही. माळाला तिचा अर्ध्या एकराचा तुकडा होता. त्यात ती घेवडाच लावायची, आणि फार्मचं काम संपल्यावर उरलेल्या उजेडात तो एकटी उपटायची.

तिच्या टोळीत निम्म्या बायका बौद्धवाड्यातल्या होत्या आणि निम्म्या गावातल्या. गावातल्या बायकांनी बौद्धवाड्यातल्या मुकादमिणीचा हुकूम ऐकायचा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. सरकारी फार्म म्हणून ती चालून गेली, असं लोक म्हणत. मला वाटतं आक्का होती म्हणून चालली. ती कुणावर ओरडत नसे. एखादी मागे पडली की तिच्या शेजारी जाऊन तिचीच ओळ उपटू लागायची, आणि मग त्या बाईलाच लाज वाटून हात भराभर चालायचे.

पुढच्या वर्षी पाऊस लांबला, पेरा उशिरा झाला आणि घेवडा दसऱ्याच्या पुढं गेला. वर परतीच्या पावसाचे ढग रोज जमायचे. घेवडा एका वेळी पिकत नाही, खालच्या शेंगा वाळतात तेव्हा वरच्या हिरव्या असतात. म्हणून बायकांना तेच रान दोन-तीनदा उपटावं लागायचं. अशा वेळी साबळे साहेब पुण्याहून एक औषध घेऊन आले. मूळचं तण मारायचं औषध, पण उभ्या पिकावर मारलं की चार दिवसांत पानं जळून सगळं पीक एकदम वाळतं. एकदाच उपटायचं आणि खळ्यावर न्यायचं. परदेशात असं करतात म्हणे. डब्याबरोबर इंग्रजी माहितीपत्रक होतं, ते वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

बायकांचं काम कमी होणार म्हणून आक्का नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. बोलणी कशी करायची याची मी मनात तयारीसुद्धा केली होती. तिनं आपले हात पुढं केले. ओल्यात उपटून उपटून बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती. "ही बगा. तीन येळा वाकायचं एक येळा वाकून भागत असंल तर लय चांगलं हाय की. बायकांला खळ्यावर काम दीन मी." मग तिनं दोन गोष्टी विचारल्या. भुसकाट गुरांला घालता येईल का? पत्रकात नको म्हणून लिहिलं होतं, मी तसं सांगितलं. दुसरं, आतल्या दाण्याचं काय? मी म्हटलं, दाणा पुरता तयार झाल्यावर मारलं तर काही होत नाही, पण आधी मारलं तर बी उगवेल याची खात्री नाही.

ती रानात गेली. दहा जागच्या दहा शेंगा सोलून दाणे पदरात घेऊन आली आणि साबळे साहेबांच्या टेबलावर ओतले. निम्म्याहून जास्त दाणे फिकट होते.

"आट दिस थांबा, सायेब. वाघ उमटू द्या."

साबळे साहेब वाईट माणूस नव्हते. पण दसऱ्यानंतर चार दिवसांनी पुण्याचे पाहुणे प्रयोग बघायला येणार होते, आणि पाहुण्यांना हिरवं रान दाखवून चालणार नव्हतं. ते म्हणाले, "बघू."

दसरा, धम्मदीक्षेचा दिवस म्हणून, आक्काचा मोठा दिवस. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसायची आणि बौद्धवाड्यातून हलायची नाही. नेमक्या त्याच दिवशी साबळे साहेबांनी मुहूर्त धरला. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा करतात. तसे पाठीवरचे दोन नवे पंप ओळीनं मांडले, त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. आणि पूजा केलेलं अवजार लगेच चालवलं पाहिजे म्हणून लगेच फवारणी सुरू केली. पहाटेच. पहाटेच का, तर ती वेळ मी ठरवली होती. घेवड्याचं काम दहिवरात करायचं, हे मी आक्काकडून शिकलो होतो आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. पान कोरडं असावं असं पत्रकात स्पष्ट छापलं होतं. ते मी वाचलं होतं. पण छापणाऱ्याला इथलं रान काय माहीत, असं मला वाटलं.

औषध दहिवरावर पडलं आणि दहिवराबरोबर ओघळून मातीत गेलं. दुसऱ्या दिवशी रान बघण्यासारखं झालं होतं. एक पट्टा करपलेला, दोन पट्टे हिरवेगार, मधेच डाग. पाहुणे तीन दिवसांवर आलेले. साबळे साहेबांनी भर दुपारच्या उन्हात पुन्हा फवारायला लावलं, या वेळी हात सैल सोडून. दोन दिवसांत सगळं रान एकसारखं विटकरी झालं. कोवळ्या शेंगाही आखडून वाळल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची फवारणी चालू असतानाच, आक्का सण आटोपून कामावर आली. बांधावर उभी राहून तिनं सगळं बघून घेतलं. मला वाटलं आता ती बोलेल. ती म्हणाली, "धाकलं सायेब, तुमी हातानं इचारलंच न्हाई." एवढंच. मग टोळीला घेऊन ती खळ्यावर गेली. तिथं तिनं बायकांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. "यंदा घरचा घेवडा कुनी शिजवू नका. इकू नका. राखंत घालून गाडग्यात ठेवा. लागंल." टोळीतल्या प्रत्येकीकडे वीतभर का होईना रान होतं, त्या सगळ्यांना हे सांगितलं. सणासुदीला घरात घेवडा असून न शिजवणं त्या बायकांना जड गेलं असणार. पण कुणी मोडता घातला नाही.

उपटायच्या दिवशी तिनं प्रत्येकीच्या हातांना फडकी बांधायला लावली, आणि जिच्या हाताला भेगा होत्या तिला रानात उतरूच दिलं नाही. पाहुणे आले, विटकरी रान बघून खूश झाले, फोटो काढले. त्यातल्या एकानं आक्काला विचारलं, "काय बाई, फायदा झाला की नाही?" साबळे साहेब तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "वाकायचं कमी झालं. ह्ये खरं हाय. बी कसं झालं त्ये मातीला इचारून सांगतीया." पाहुण्यांना उत्तर आवडलं. त्यांना ते ग्रामीण वाटलं असावं.

माती तिनं जवळचीच निवडली. साबळे साहेबांच्या ऑफिससमोर शेवंतीचा एक वाफा होता. साहेबांना फुलांची हौस होती, पण निगा माळी करायचा. आक्कानं त्या वाफ्याच्या पुढच्या कडेला दोन ओळी टोकल्या. एक फार्मच्या पोत्यातल्या घेवड्याची, एक तिच्या माळावरच्या. रोज जाता-येता ती तांब्याभर पाणी घालायची. साहेबांना वाटलं माळ्यानं काहीतरी नवीन लावलंय. आठ-दहा दिवसांनी एक ओळ दाट उगवली आणि दुसरीत जागोजाग नुसती माती राहिली. जे उगवलं तेही वाकडं, खुरटं. ऑफिसात येणारा प्रत्येक शेतकरी पायरी चढायच्या आधी त्या वाफ्यापाशी थांबू लागला.

त्यात हणमंतआबाही होते. फार्मला लागून त्यांचं मोठं रान, आणि परिसरात सगळ्यात जास्त घेवडा त्यांचाच. ते काठीवर भार देऊन वाकले.

"ही वळ कुनाची?"

"फार्माची," आक्का म्हणाली.

"आन् ही?"

"माझ्या रानातली."

आबा काठी टेकत सरळ झाले. ऑफिसात न येता तसेच परत गेले.

हे सगळं माझ्याकडे आधीच होतं. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून मी उगवणीची चाचणी केली होती आणि तिचा निकाल वाफ्यापेक्षा वेगळा नव्हता. साबळे साहेबांनी तो कागद वाचला, खणात ठेवला आणि म्हणाले, "मे महिन्यापर्यंत वेळ आहे, पुन्हा बघू." मी गप्प बसलो. एक दिवस आक्कानं मला सरळ विचारलं, "तुमच्या गोनपाटात किती उगावलं?" मी म्हटलं, "साहेबांना विचारा." तिनं मान हलवली आणि निघून गेली. माझ्या नोकरीत मी पुढं बरीच चुकीची उत्तरं दिली, पण त्या उत्तराची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

शेवटी वाफ्यानंच काम केलं. जे सगळ्या तालुक्यानं बघितलं ते खणात ठेवून भागण्यासारखं नव्हतं. साबळे साहेबांनी स्वतःहून वर कळवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ती पोती बी म्हणून गेली नाहीत. ते खायला चालेल का, हे कुणालाच खात्रीनं सांगता येईना, तेव्हा खड्डा काढून पुरली.

आणि मग मे महिना आला. पेरणी तोंडावर, फार्मकडे घेवड्याचं मूठभर बी नाही, आणि फार्मच्या भरवशावर गावांनी घरचा घेवडा केव्हाच विकून-खाऊन टाकलेला. दुसरं बी लांबून आणायचं तर ते या मातीत कसं येईल याचा भरवसा नाही. तेव्हा कळलं की आक्काच्या घरात गाडग्यांची उतरंड लागली आहे. सोळा बायकांनी राखून ठेवलेलं बी तिनं आपल्याकडे आणून ठेवलं होतं. पाच-सहा गावांना काटकसरीनं पुरेल एवढं होतं.

साबळे साहेबांनी तिला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. ती बसली नाही. त्यांनी सुचवलं ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. बी फार्मवर आणायचं, फार्मच्या पोत्यात भरायचं, फार्मचं लेबल लावून नेहमीसारखं वाटायचं. बायकांना योग्य भाव द्यायचा.

"पोत्यात नगं, सायेब," आक्का म्हणाली. "बी माझ्या घरात हाय. ज्याला पायजे त्यानं तिथं यावं."

साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्हाला गाव माहीत नाही का? पोत्यातून आलं तर सगळे घेतील. तुमच्या दारात कोण येईल?"

"न्हाईत येनार तर न्हाईत. पन पोत्यात घातलं की त्ये फार्माचं हुतं. आमी सोळा बायकांनी दसऱ्यापासनं घेवडा तोंडात घातला न्हाई, त्ये कुनाला दिसायचं?"

नंतर बाहेर मीही तिला तेच सांगून बघितलं. म्हटलं, आक्का, लोक हट्टी आहेत. पेरा चुकेल पण येणार नाहीत. आणि तुमच्या बायकांचं बी तसंच पडून राहील. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला दिसलं की तीही घाबरलेली आहे. सोळा घरांचं वर्षभराचं राखलेलं तिच्या एका शब्दावर अडकलं होतं, आणि त्यात गावातल्या बायकांचंही होतं. त्यांना आपलं बी गावातच देणं सोपं होतं. तरी एकही गाडगं तिच्या घरातून परत गेलं नव्हतं. "येत्याल न्हाईतर न्हाई येत्याल," ती म्हणाली. "पेरायचं त्यान्ला हाय."

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ढग भरून आले आणि गावात लोक नांगरटीचं, पावसाचं, सगळं बोलत होते, फक्त बियाचं सोडून.

त्याच आठवड्यात माझी बदली झाली. चौथ्या दिवशी सकाळी मी वळकटी आणि ट्रंक हमालाबरोबर पुढं पाठवली आणि आक्काचा निरोप घ्यावा म्हणून बौद्धवाड्याकडून एसटी स्टँडला निघालो. तिच्या घराच्या अलीकडेच थांबलो, कारण पुढं हणमंतआबा उभे होते.

आबा दारापासून चार हात लांब, रस्त्यावरच उभे होते. खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पसरून पुढं धरलेलं. घसा साफ करून ते म्हणाले, "येसाबाय, वाईच घेवडा घाल." आक्का उंबऱ्यात धान्य मापायची अधोली भरून उभी होती. ती जागची हलली नाही.

"आबा, माझ्या आयनं तुमच्या दारात आसाच लांबनं पदर पसरला, आन् तुमी वरनं घातलं. मी ल्हान हुते, पन बगितलंय," ती म्हणाली. आवाज रोजचाच, दहिवरात ओळ दाखवताना असायचा तसा. "मला तसं वरनं घालता येत न्हाई. आत या. बसा. हातात दीन."

आबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. उपरणं तसंच पसरलेलं. मग त्यांनी ते गुंडाळून खांद्यावर टाकलं, काठी भिंतीला लावली आणि उंबऱ्याशी येऊन बसले. आक्का समोर बसली. तिनं भरलेली अधोली त्यांच्या हातात दिली, आणि आबांनी ती आपल्या हातानं उपरण्यात ओतली. एक, दोन, तीन. 

"भाव काय?" आबांनी विचारलं.

"पयलं पेरा. उगावलं की सांगाय या. हितंच."

मी पुढं गेलो नाही. निरोप घेण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि तिथं माझं काही कामही नव्हतं. एसटीची वेळ झाली होती. वळणावर एकदा मागं बघितलं. आक्काच्या उंबऱ्याशी आता दोन माणसं बसली होती, आणि तिसरा दारात वहाणा काढत होता.